पानओवा लावा, पण डबा पाहून लावा

मृगाच्या सरी येऊन गेल्या की वरोरा तालुक्यात कोणत्याही घरी जा, बोलणे पऱ्हाटीचे आणि सोयाबीनचेच. बियाणे कोणते घेतले, खत मिळाले काय, पाऊस टिकेल काय. अशा धावपळीत ओसरीवर टांगलेल्या एका कुंडीवर एवढे लिहिणे काहींना रिकामटेकडेपणाचे वाटेल. तरी लिहितो आहे, कारण या कुंडीचा संबंध तुमच्या फवारणीशी आहे. आणि जी चूक सांगणार आहे, तिची सुरुवात माझ्यापासूनच झाली आहे.

ही कुंडी आहे पानओव्याची. कोणी याला ओव्याचे पान म्हणतात, हिंदी बोलणारे शेजारी अजवाइन पत्ता म्हणतात. जाड, लवदार, कडेला दातरे असलेले पान. बोटात चुरगळले की ओव्याचा झणझणीत वास येतो. मात्र आपण मसाल्याच्या डब्यात ठेवतो तो ओवा या झाडाचा नव्हे. तो दाणा कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातला आणि पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. ओव्याच्या दाण्यात थायमॉल नावाचे तेलातले द्रव्य असते. पानओव्यात थायमॉल आणि त्याचेच भावंड असलेले कार्व्हाक्रॉल असते. म्हणून वास सारखा येतो. शास्त्रीय नाव कोलियस अंबोइनिकस. हे नाव इंडोनेशियातील अंबोन बेटावरून १७९० साली दिले गेले, पण झाडाचे मूळ घर आफ्रिकेत समजतात. रोपवाटिकेत प्लेक्ट्रँथस असे जुने नाव दिसले तरी झाड हेच.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हिंदीत पानओव्याला पत्थरचूर म्हणतात आणि पानफुटीला पत्थरचट्टा म्हणतात. नावाच्या या गोंधळात पुष्कळ जण एकाच्या जागी दुसरे आणतात. पानफुटीचे पान गुळगुळीत असते, त्याला ओव्याचा वास येत नाही आणि त्याच्या कडेला पिल्ले फुटतात. पानफुटी जनावरांच्या वैरणीत जाऊ देऊ नका, ती त्यांना विषारी ठरते. ओळख पटत नसेल तर पान चुरगळून वास घ्या. पानओव्याचा वास चुकत नाही.

आता घडलेला प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांपुढे परसबागेवर बोललो होतो. उत्साहाच्या भरात म्हणालो, "कुंड्यांना पैसे घालू नका. घरात जे टाकाऊ भांडे, डबा, कॅन पडले असेल, त्यात लावा." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो, तर एका आजीच्या ओसरीवर पानओव्याची वेल अशी लोंबत होती की पाहत राहावे. दीड-दोन हाताच्या फांद्या, पाने हिरवीगार. आजीने कौतुकाने पाच-सहा पाने तोडली आणि सुनेला बेसन कालवायला सांगितले. मी जवळ जाऊन पाहिले. झाड पाच लिटरच्या पांढऱ्या प्लास्टिक कॅनमध्ये होते. वरचा भाग विळ्याने कापलेला. अर्धवट निघालेल्या चिठ्ठीवर लाल त्रिकोण दिसत होता.

लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी. पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा कमी. बिनविषारी असा त्रिकोणच नसतो.

मी आजीला थांबवले. ती म्हणाली, "काऊन जी साहेब? तुमीच तं सांगतलं होतं, घरचाच डबा घ्या म्हणून. चांगला सोड्यानं धुतला म्या." माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजीने माझेच ऐकले होते.

सोड्याने धुवा, राखेने घासा, उन्हात वाळवा, औषधाचा डबा खाण्याच्या कामाचा होत नाही. औषधातली द्रावणे प्लास्टिकच्या आत मुरतात आणि पुढे हळूहळू बाहेर येतात. कुंडीतली माती कायम ओली असते, मुळे डब्याच्या भिंतीला चिकटून वाढतात. त्या पानात नेमके किती विष उतरले हे प्रयोगशाळेशिवाय सांगता येत नाही, आणि नातवाच्या भज्यावर तो प्रयोग करायचा नसतो. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. तिथे विष नाकातोंडावाटे आणि कातडीवाटे गेले. तेच विष ओसरीवर टांगून त्याला पाणी घालण्यात काय शहाणपण आहे?

मग लावायचे कशात? पहिली पसंती मातीला. पाझरणारा, फुटक्या गळ्याचा जुना माठ पानओव्याला सर्वांत मानवतो. माठाच्या अंगातून पाणी उडत राहते, त्यामुळे मुळे थंड राहतात आणि जास्तीचे पाणी साचत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांपर्यंत जातो, तेव्हा काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळे अक्षरशः शिजतात. कुंडी विकतच घ्यायची असेल तर लांब जायला नको. भद्रावती वीसेक किलोमीटरवर आहे, आणि तिथल्या ग्रामोदय संघाचे मातीकाम जिल्ह्याबाहेरही माहीत आहे. आठवडी बाजारात कुंभाराकडेही साधी कुंडी मिळते. खाण्याच्या तेलाचा पत्र्याचा पिपा चालतो, मात्र तो उन्हात ठेवू नये. रंगाचा डबा नको, ऑइलचा डबा नको, औषधाचा तर नाहीच नाही.

भांडे वीतभर खोल असले तरी पुरे, पण तोंड रुंद असावे. तळाला बोट जाईल एवढी दोन-तीन भोके पाडा. भोकावर फुटक्या कवेलूचा तुकडा पालथा ठेवा. पाणी जाते, माती राहते.

मातीबाबत आपली मंडळी हमखास फसतात. वरोऱ्याची काळी कसदार माती पऱ्हाटीला सोने आहे, कुंडीत मात्र ती वैरीण आहे. ओली झाली की चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते, वाळली की आक्रसून भांड्याच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. बाई म्हणते, "रोज पाणी देते, तरी झाड सुकते." म्हणून एक घमेले काळी माती, एक घमेले रेती आणि एक घमेले चांगले कुजलेले शेणखत असे मिसळा. उकिरड्यातले गरम, अर्धकच्चे खत घालू नका, त्याने मूळ जळते. रेतीऐवजी बारीक चाळलेला मुरूमही चालेल. युरिया लागतच नाही. युरिया दिला की पान मोठे होते, पण वास पातळ होतो आणि फांदी लुसलुशीत होऊन किडीला बोलावते.

रोप विकत घ्यायची गरज नाही. कोणाच्याही घरून चार बोटे लांबीचा, दोन-तीन पेऱ्यांचा शेंडा आणा. खालची पाने काढा आणि सावलीत अर्धा दिवस ठेवा, म्हणजे कापलेली जागा सुकेल. मग एक पेर मातीत जाईल असा खोचा. दहा-पंधरा दिवसांत मुळे धरतात. एका माठात तीन शेंडे कडेकडेने लावा, मधोमध एकच लावू नका. कडेचे शेंडे बाहेर झुकतात आणि भांड्यावरून खाली उतरतात. घरात जुने शिंके पडले असेल तर आता ते कामी येते. कुंडी शिंक्यात टांगली की कोंबड्यांपासूनही वाचते.

पाण्याचा नियम एकच. बोट दोन पेरे मातीत घाला, कोरडे लागले तर पाणी द्या, ओले लागले तर निघून जा. या झाडाचे पान आणि देठ मांसल असतात, त्यात स्वतःचे पाणी साठवलेले असते. दोन दिवस विसरलात तर झाड मरत नाही, पण रोज लोटाभर पाणी घातले तर बुडापासून काळे पडून कुजते. मी पाहिलेल्या मेलेल्या दहा कुंड्यांपैकी आठ-नऊ पाण्यानेच मेल्या असतील. आषाढ-श्रावणाच्या झडीत कुंडी वळचणीखाली ठेवू नका, कवेलूची धार थेट तिच्यात पडते. आत ओसरीवर घ्या. उन्हाळ्यात सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास पुरे, मग सावली. दुपारच्या झळा लागल्या की पाने पिवळी पडून वाटीसारखी मुडपतात. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यातही नको, तिथे फांद्या काड्यांसारख्या लांबतात आणि पाने विरळ होतात. हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हा पाणी निम्म्यावर आणा. कोळसा खाणींच्या आणि रस्त्याच्या कडेच्या गावांत पानावरच्या लवेत धूळ अडकून बसते. आठवड्यातून एकदा सकाळी पाने धुवा आणि खाण्याआधी पुन्हा धुवा.

शेंडे खुडत राहा. खुडल्या जागी दोन फांद्या फुटतात आणि झुपका भरतो. वर्षभरानंतर बूड लाकडासारखे होते, खालची पाने गळतात. तेव्हा जुन्या झाडाला जीव लावून बसू नका. त्याचेच शेंडे घेऊन पावसाळ्याच्या तोंडाशी नवी कुंडी भरा.

पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण, कपाशीवरचा तुमचा जुना पाहुणा. ओल्या फडक्याने पुसून काढा, फार असेल तर साबणाच्या पातळ पाण्याने धुवा, ती फांदी कापून जाळा. पंपात उरलेले औषध "वाया जाते म्हणून" कुंडीवर मारणारे महाभाग मी पाहिले आहेत. खायच्या पानावर ते मारायचे नाही. फवारणी केलेले कपडेही कुंडीशेजारच्या दोरीवर वाळत घालू नका.

पानाचा उपयोग बायकांना मी काय सांगावा. भजी होतात, दह्यात चटणी होते, जड जेवणानंतर एखादे पान चघळतात. सर्दी-खोकल्याला काढाही देतात. मात्र लहान मुलाला धाप लागली असेल, छाती आत ओढली जात असेल, तर काढा करत बसू नका. त्याला तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

काही जण विचारतात, "साहेब, एकरी किती निघते?" त्यांना स्पष्ट सांगतो. आपल्याकडे याच्या पानाला बांधलेली बाजारपेठ नाही. २००० सालानंतर विदर्भात सफेद मुसळीची लाट आली होती. कंद महाग विकत घेऊन लावले आणि माल निघाला तेव्हा घेणारा सापडेना, असे अनुभव आले. हमी भावाने घेतो म्हणून कोणी रोपे विकायला आला, तर पहिल्यांदा पानाचा खरेदीदार कोण आणि लेखी काय देतो, ते विचारा. पानओवा कुंडीत शोभतो. त्याला तिथेच राहू द्या.

आता औषधाच्या डब्याचे काय करावे? औषध संपताच डब्यात पाव भाग पाणी घाला, झाकण लावून हलवा आणि ते पाणी फवारणी पंपातच ओता. असे तीनदा करा. औषधाचा थेंबही वाया जात नाही. मग डब्याला टोच्याने भोके पाडा, म्हणजे तो कोणाच्याच कामाचा राहणार नाही. कीटकनाशके नियम, १९७१ सांगतात की रिकामे डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून बाहेर पडू देऊ नयेत, ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. विहीर आणि नाला दोन्हींपासून लांब पुरा. जाळू नका, धूर विषारी असतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती आहे की फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. धुऊन भोके पाडलेले डबे टाकायला गावाबाहेर कुलूपबंद जागा ठरवावी. नाहीतर ते भंगारवाल्याकडे जातात, आणि तिथून कोणाच्या घरी काय भरायला परत येतात, कोण जाणे. अंगणवाडी आणि शाळेच्या परसबागेतल्या कुंड्या तर एकदा स्वतः जाऊन पाहाव्या.

आजीच्या त्या वेलीचे सांगायचे राहिले. तिचे शेंडेसुद्धा घेतले नाहीत. माती, वेल आणि कॅन सगळेच काढले. "एवढं हिरवंगार झाड फेकता जी!" म्हणून आजी दोन घटका बोलली नाही. पुढच्या फेरीला मी वरोऱ्याहून आपल्या घरच्या कुंडीतले शेंडे ओल्या फडक्यात गुंडाळून नेले आणि तिच्याच फुटक्या माठात दोघांनी मिळून लावले. हात धुवायला गोठ्याकडे गेलो, तर गाईच्या ढेपेवर पाणी ओतायला तिथे तसाच दुसरा पांढरा कॅन, तोंड कापलेला. मी काही बोलण्याआधीच आजीने तो उचलला आणि सुनेला हाक मारली, "घरात आनखी कुठं कुठं हायेत, पाय बरं." चार निघाले.