‘आम्ही’ आणि ‘आपण’

मनुष्य भाषा बोलतो हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु भाषाही मनुष्यास घडवीत असते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तिचें उदाहरण पाहण्यासाठीं मोठे ग्रंथ चाळण्याचें कारण नाहीं. रोज आपल्या तोंडीं असणारीं दोन लहान सर्वनामें पुरेशीं आहेत.

इंग्रजींत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंसाठीं एकच शब्द आहे. हिंदींतही बहुधा ‘हम’ या एकाच शब्दानें काम भागतें. मराठींत मात्र तसें चालत नाहीं. गुजरातींतही ‘अमे’ व ‘आपणे’ असा भेद आहे. ‘आम्ही बाजारांत जातों’ असें म्हटलें कीं ऐकणारा घरींच राहिला. ‘आपण बाजारांत जाऊं’ म्हटलें कीं तो वहाणा शोधूं लागतो. समोरचा मनुष्य आपल्यांतला कीं बाहेरचा, हें मराठी बोलणारास प्रत्येक वेळीं ठरवावें लागतें.

शुभवर्तमानांतील वादळाची कथा पाहा. तारूं पाण्यानें भरूं लागतें आणि शिष्य निजलेल्या प्रभूस उठवितात. मूळ ग्रीक भाषेंत हा भेद नसल्यामुळें मराठी भाषांतरकारास निवड करावी लागते. शिष्य ‘आम्ही बुडतों’ म्हणाले, तर प्रभु जणूं तारवाबाहेर राहिला. ‘आपण बुडतों’ म्हणाले, तर तोही त्यांच्याबरोबर संकटांत आहे. उलट, प्रभूच्या प्रार्थनेंत ‘आमच्या’ हाच शब्द योग्य. कारण तेथें बोलणें पित्याशींच आहे, आणि तो काहीं त्या लेकरांपैकीं एक नव्हे.

समाजाच्या बाबतींतही असेंच घडतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं इ. स. १८९५ मध्यें मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं ख्रिस्ती उपासनेंत इंग्रजी गीतांचीं भाषांतरें इंग्रजी चालींवर गाण्याचा प्रघात होता. अशा वातावरणांत ख्रिस्ती मनुष्य शेजाऱ्यांस परका वाटे, आणि हळूहळू स्वतःसही वाटूं लागे. टिळकांनीं अभंग, ओवी व कीर्तन हीं महाराष्ट्राचीं जुनीं साधनें उपासनेंत आणिलीं. पुढें लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ इ. स. १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं, तीं सर्व धर्मांच्या मराठी वाचकांनीं आपलीं मानलीं. वादविवादानें जें झालें नसतें, तें घरगुती भाषेनें साधलें.

हें सर्व ठाऊक असूनही आमच्या हातून चूक झाली. खेड्यांतून नवीनच आलेला एक मुलगा वर्गांत वाचतांना ‘होतें’ऐवजीं ‘व्हतं’ म्हणाला. ‘आमच्या शाळेंत असें बोलत नाहींत,’ असें आम्ही सहज बोलून गेलों. मुलें हंसलीं. त्यानंतर कित्येक दिवस त्या मुलानें वर्गांत तोंड उघडलें नाहीं. त्याला लागलें तें उच्चार सुधारल्याचें नव्हे. ‘आमच्या’ या एका शब्दानें आम्हीं त्याला दाराबाहेर उभें केलें होतें. ‘आपल्या शाळेंत’ म्हटलें असतें, तर उच्चारही सुधारला असता आणि मुलगाही आंत राहिला असता. पुढें आम्हीं त्याच वर्गासमोर त्याला तसें सांगितलें. मग त्यानें पुन्हां वाचावयास घेतलें. पण पहिले काहीं दिवस अगदीं हळू आवाजांत.

‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृताच्या वाटेनें आला आहे. ‘तो आपण होऊन आला’ येथें त्याचा अर्थ स्वतः; ‘आपण बसावें’ येथें आदरणीय पाहुणा; आणि ‘आपण सारे’ म्हणतांना मी आणि तूं मिळून. स्वतःस, दुसऱ्यास आणि दोघांस एकच शब्द पुरतो, हें मराठीचें भाग्यच होय.

म्हणून ‘आम्ही’ हा शब्द टाकून द्यावा असें नव्हे. तो कोठें वापरावा, एवढेंच पाहावें. यश मिळालें कीं आम्ही मोठी माणसें ‘आम्हीं केलें’ म्हणतों, आणि काम बिघडलें कीं ‘आपण सर्वच चुकलों’ म्हणून दोष वाटून टाकितों. मुलें हें ऐकतात आणि तसेंच बोलावयास शिकतात. आईबापांनीं घरांत व आम्हां शिक्षकांनीं वर्गांत याच्या उलट बोलण्याचा परिपाठ ठेवावा: श्रेय ‘आपलें’, चूक ‘आमची’.