लायकाच्या मुलाम्याखालचा फेड

सात-आठ वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक सोनेरी लायका मिळाला. विक्रेत्याने तो मिक्सरच्या भांड्यांमागून, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला काढला. वरच्या झाकणावर लायकाचं वळणदार नाव, शेजारी पंख पसरलेला गरुड आणि ही जर्मन हवाई दलाची मालमत्ता आहे असं सांगणारी अक्षरं. नऊ हजार सांगितले, साडेसहाला सुटला. घरी येईपर्यंत रिक्षात मी दोनदा पिशवी उघडून पाहिली. तीस वर्षं जुने कॅमेरे जमवणाऱ्या माणसाने असं हुरळून जाऊ नये, पण गेलो खरा.

घरी आल्यावर लेन्स फिरवून काढली आणि आत टॉर्च मारला. लेन्सच्या मागच्या कडेला टेकणारा, वस्तूचं अंतर जुळवणारा एक लहानसा भाग तिथे वरच्या बाजूला असतो. खऱ्या लायकात त्याच्या टोकाला गोल, फिरणारं चाक असतं. माझ्या कॅमेऱ्यात होती उतरत्या कडेची, न फिरणारी धातूची जीभ. एवढ्यावरच निकाल लागला. हा लायका नव्हता, कधीच नव्हता.

अशी सोंगं का निघतात ते कळायला लायकाचा मान ठाऊक हवा. जर्मनीतल्या व्हेट्झलार गावी लायट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञाने सिनेमाची 35 मिलिमीटरची फिल्म वापरणारा खिशात मावेल असा कॅमेरा घडवला. 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांपुढे आला आणि जड पेट्या, काचेच्या पट्ट्या, तिपाई हे सगळं लटांबर छायाचित्रकाराच्या खांद्यावरून उतरलं. त्याआधी, 1923 च्या सुमारास, चाचणीसाठी जेमतेम वीसेक नग काढले होते. त्यांतला बार्नाकने स्वतः वापरलेला 105 क्रमांकाचा नग 2022 साली लिलावात 1 कोटी 44 लाख युरोंना गेला. नावाला अशी किंमत आली की नाव कोरणारे हातही तयार होतात.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर पूर्व युरोपातल्या जुन्या मालाच्या बाजारांत ही कोरणावळ जोरात चालली. लायकासारखे दिसणारे सोव्हिएत कॅमेरे तिथे ढिगाने आणि स्वस्तात मिळत. झाकणावरची रशियन अक्षरं कानशीने घासायची, सोन्याचा किंवा पितळी रंगाचा मुलामा द्यायचा, काळ्या आवरणाच्या जागी सापाचं कातडं नाहीतर लाकूड चिकटवायचं आणि वर कोरायचं लायका. पुढे कुणी बर्लिन ऑलिंपिकची वर्तुळं काढी, कुणी जर्मन नौदलाचा शिक्का. जितकी सजावट जास्त तितका संशय जास्त, हे सूत्र मी नंतर शिकलो. लष्कराला दिलेली खरी यंत्रं दिसायला अगदी साधी असत.

इथवर ही नेहमीची फसवणुकीची गोष्ट झाली, आणि संग्राहक मंडळी ती इथेच हसून सोडून देतात. मला मात्र मुलाम्याखाली काय होतं त्याने झोप लागेना.

खाली होता फेड. आपल्याला हा शब्द कर्जाची आठवण करून देतो. रशियन भाषेत ती फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की या सोव्हिएत गुप्तपोलिसांच्या संस्थापकाची आद्याक्षरं आहेत. महायुद्ध, यादवी आणि दुष्काळ यांनी तिकडे लाखो मुलं अनाथ होऊन रस्त्यांवर आली होती. झेर्झिन्स्कीच्या स्मरणार्थ युक्रेनमधल्या गुप्तपोलिसांनी आपल्या पगारातून वर्गणी काढली आणि 1927 च्या अखेरीस खारकिव्हमध्ये अशा मुलांची एक श्रमवसाहत उघडली. ती चालवायला आंतोन मकारेन्को हा शिक्षक आणला. वडिलांच्या कपाटात त्याचं ‘रोड टू लाइफ’ होतं. ते त्याच्या आधीच्या, पोल्टाव्हाजवळच्या वसाहतीबद्दल आहे. खारकिव्हच्या वसाहतीवरची कादंबरी वेगळी, ‘फ्लॅग्ज ऑन द टॉवर्स’.

वसाहतीतली मुलं शाळा शिकत आणि दिवसाचे काही तास कारखान्यात काम करत. आधी लाकडी सामान झालं, मग विजेवर चालणारी गिरमिटं. त्यानंतर लायका टू हा नवा जर्मन कॅमेरा समोर ठेवून, त्याचा सुटा सुटा भाग मोजून त्याची नक्कल करायचं ठरलं. 1932 साली पहिले तीन नमुने तयार झाले, 1934 पासून नियमित उत्पादन सुरू झालं. म्हणजे फेड हीसुद्धा नक्कलच, आणि तीही परवानगीशिवाय. फक्त तिने आपलं नाव लपवलं नव्हतं. झाकणावर वसाहतीचं नाव आणि गावाचं नाव स्वच्छ कोरलेलं असे. हे नमुने घडत होते त्याच काळात, 1932-33 मध्ये, आसपासच्या खेड्यांतून धान्य ओरबाडलं जात होतं आणि युक्रेनमध्ये लाखो माणसं उपाशी मरत होती. रस्त्यावरच्या पोरांना ज्या राजवटीने भिंगं घासायला शिकवलं, तिनेच ही उपासमारही घडवली. मकारेन्कोची स्तुती करणाऱ्यांनी हे दोन्ही एकाच पानावर ठेवून वाचावं, असं मला वाटतं.

1935 साली मकारेन्को तिथून गेला आणि वसाहतीची जागा हळूहळू पगारी कामगारांच्या कारखान्याने घेतली. 1941 मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा यंत्रसामग्री सैबेरियात, बेर्ड्स्कला हलवावी लागली. खारकिव्हवर बाँब टाकणाऱ्या हवाई दलाचा शिक्का माझ्या कॅमेऱ्यावर कोरणाऱ्याला यातलं काही माहीत असेल असं वाटत नाही.

युद्धानंतर मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्कलाही हाच कॅमेरा झोर्की नावाने निघू लागला. बनावट मालात या दोघांचे भाग सर्रास मिसळलेले सापडतात. झाकणावरचं नाव आणि क्रमांक हीच त्यांची जन्मपत्रिका, आणि तीच कानशीखाली गेली. साडेसहा हजार गेल्याचं मला फारसं दुःख नाही. एखाद्या अनाथ पोराने बसवलेला स्क्रू माझ्या हातात असेलही, पण ते सांगणारी ओळ कुणीतरी पुसून टाकली, ते लागलं.

माझे कॅमेरे दुरुस्त करणारा कारागीर म्हणाला, “काका, मुलामा उतरवून देतो. रशियन अक्षरं परत कोरू, फोटोवरून हुबेहूब जमतील.” मोह झाला. दोन दिवस मी खऱ्या फेडचे फोटोही काढून ठेवले. मग लक्षात आलं की कोणता तरी क्रमांक मनाने घालावा लागेल, आणि मग माझ्यात आणि त्या गरुडवाल्यात फरक तो काय? मी नको म्हटलं. फक्त शटरचा फाटका कापडी पडदा बदलून घेतला.

संग्रहाच्या वहीत तो फेडच्या पानावर आहे. शेरा असा: ‘फेड किंवा झोर्की. नाव घासलेलं. वरचा मजकूर खोटा.’ एका ओळखीच्या गृहस्थांनी मध्यंतरी पंधरा हजार देऊ केले, दिवाणखान्यात ठेवायला. त्यांना वहीतला शेरा दाखवला, तर म्हणाले, “तो कोण वाचतो?” कॅमेरा दिला नाही.

यात रोल खालून भरतात. त्याआधी फिल्मचं टोक कात्रीने जवळजवळ दहा सेंटीमीटर लांब, निमुळतं कापावं लागतं, नाहीतर ती आत अडकते. मी पहिल्यांदा आखूड कापलं आणि एक अख्खा रोल वाया घालवला. दुसऱ्यात छत्तीसपैकी एकोणीस फोटो आले, कडेला थोडे धुरकट.