छळछावण्यांचा पुरावा

डोळ्यांनी पाहिले ते खरे, असे आपण सहज म्हणून जातो. न्यायासन मात्र तेवढ्यावर थांबत नाही. कोणी पाहिले, कुठे पाहिले, केव्हा पाहिले, आणि सांगताना त्यात पदरचे काही घातले नाही ना, असे चार प्रश्न ते विचारते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नाझींच्या छळछावण्या एकामागून एक मुक्त झाल्या, तेव्हा या चार प्रश्नांची उत्तरे कशी जमवली गेली, हे समजून घेण्यासारखे आहे.

आपल्याला आज प्रश्न पडेल की, एवढ्या उघड गोष्टीला पुरावा कशाला हवा? पण त्या काळी अविश्वासाला कारण होते. जर्मन लोक प्रेतांपासून चरबी काढतात, अशी एक बातमी १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापली होती. ती निराधार असल्याचे १९२५ साली ब्रिटिश सरकारला पार्लमेंटात मान्य करावे लागले. ‘लांडगा आला रे’ म्हणून एकदा फसलेला गाव दुसऱ्या हाकेला धावत नाही. जुलै १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य पोलंडमधील मायदानेक छावणीत पोहोचले आणि वार्ताहरांना तिथल्या वायुकोठड्या व बुटांचे ढीग दाखवण्यात आले. तेव्हा अलेक्झांडर वर्थ या वार्ताहराचा वृत्तांत बीबीसीने प्रचार समजून बाजूला ठेवला. या वेळी लांडगा खरोखरच आला होता.

ही अडचण जनरल आयझेनहॉवर यांनी ओळखली. १२ एप्रिल १९४५ रोजी ते ओर्डरूफ या छावणीत गेले. बरोबर ब्रॅडली आणि पॅटन हे सेनानी होते. एका खोलीत उपासमारीने मेलेल्यांची प्रेते रचलेली होती. तिच्यात पाऊल टाकायला रणांगणे पाहिलेला पॅटनही धजेना. आयझेनहॉवर मात्र कोपरा न् कोपरा हिंडले. हे आपण मुद्दाम केले, असे त्यांनी जनरल मार्शल यांना कळवले. पुढे कोणी या हकिकतींना प्रचार म्हटले, तर स्वतः पाहिल्याची साक्ष देता यावी, हा त्यांचा हेतू होता. लगेच त्यांनी अमेरिकेतून लोकप्रतिनिधी व संपादक यांना बोलावून घेतले. विजयाच्या ऐन घाईत उद्याच्या संशयी माणसाचा विचार करणे, यालाच दूरदृष्टी म्हणतात.

त्याच महिन्याच्या १५ तारखेला ब्रिटिश सैन्य बेर्गेन-बेल्सेनमध्ये शिरले. तिथे सुमारे ६०,००० बंदी अर्धमेल्या स्थितीत होते आणि हजारो प्रेते उघड्यावर पडली होती. सैन्याच्या चित्रपथकाने दिवसामागून दिवस चित्रण केले. या चित्रणातून लोकांना दाखवण्याजोगा एक बोलपट करण्याचे ठरले. त्याला आल्फ्रेड हिचकॉक यांनी सल्ला दिला, तो मोठा मार्मिक आहे. दृश्ये तुकड्यातुकड्यांनी जोडू नका. कॅमेरा न थांबवता लांबवर फिरवा, असे त्यांचे सांगणे होते. खड्ड्यातली प्रेते आणि काठावर उभे केलेले आसपासच्या गावचे प्रतिष्ठित एकाच अखंड दृश्यात आले, की ‘हे मागाहून चिकटवले’ असे म्हणायला जागा उरत नाही.

न्यूरेंबर्गच्या न्यायालयात २९ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकन पक्षाने छावण्यांचा बोलपट पुरावा म्हणून दाखवला. सुमारे ८०,००० फूट फितीतून ६,००० फूट निवडली होती. प्रारंभी दोन प्रतिज्ञापत्रे होती. एक चित्रण करवून घेणारे दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांचे. दुसरे नौदलातील अधिकारी केलॉग यांचे. केलॉग हे हॉलीवूडमधील चित्रतंत्राचे जाणकार. मूळ फिती तपासून त्यांत कसलाही फेरफार नसल्याचे त्यांनी शपथेवर सांगितले. पडद्यावर नकली गोष्ट खरी कशी भासवतात हे ज्याला ठाऊक, त्यालाच खरेपणाची ग्वाही द्यायला लावली! चोराच्या वाटा चोरच जाणे, या न्यायाने तपासणीस निवडला, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु या पुराव्याला मर्यादाही आहे, आणि ती सांगितल्यावाचून विषय पुरा होत नाही. कॅमेरा पोहोचला तेव्हा जे उरले होते तेवढेच त्याला दिसले. बेल्सेनमध्ये वायुकोठडी नव्हती. तिथली माणसे प्रामुख्याने भूक आणि टायफसने मेली. त्रेब्लिंका, सोबिबोर व बेल्झेक या तीन ठिकाणी मिळून पंधरा लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक ज्यू मारले गेले. पण ही स्थळे नाझींनी १९४३ सालीच मोडून जमिनीवर झाडे लावली. जिथे अपराध सर्वांत पूर्ण झाला, तिथे दाखवायला सर्वांत थोडे उरले. तिथला पुरावा म्हणजे वाचलेल्या मोजक्या माणसांच्या जबान्या, रेल्वेचे कागद आणि जमिनीचे उत्खनन. आउश्वित्झमध्ये मात्र ऑगस्ट १९४४ मध्ये प्रेते जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या बंद्यांनी जिवावर उदार होऊन चार छायाचित्रे चोरून घेतली आणि बाहेर पाठवली. ती तिरपी आहेत, अस्पष्ट आहेत. पण मुक्तीची वाट न पाहता मरणाराने स्वतः दिलेली ती साक्ष आहे.

तेव्हा एकट्या चित्रावर भिस्त ठेवून भागत नाही. चित्राला शपथ हवी, शपथेला कागद हवा आणि कागदाला माणसाची आठवण हवी. एकेक धागा तुटेल, पण पिळलेला दोर तुटत नाही.

हिचकॉक यांनी सल्ला दिलेला तो ब्रिटिश बोलपट सप्टेंबर १९४५ मध्ये अपुराच बाजूला पडला. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने तो मूळ आराखड्याबरहुकूम पुरा केला आणि २०१४ साली लोकांपुढे आणला. जवळजवळ सत्तर वर्षे तो अपुराच राहिला होता. तरी चित्रणाबरोबर छावणीचे नाव, तारीख आणि चित्रण करणाऱ्याचे नाव यांची नोंद होती, म्हणून तो कामी आला. अत्याचार पाहून हळहळणारे पुष्कळ असतात. हळहळतानाही तारीख लिहून ठेवणाऱ्यांचे ऋण मात्र पुढच्या पिढ्यांवर राहते.