आक्रमक मासे : जलजीवालयाचे आकारमान

जलजीवालयात पाळल्या जाणाऱ्या काही जातींचे मासे टाकीतील विशिष्ट जागेवर स्वामित्व प्रस्थापित करतात आणि तेथे शिरणाऱ्या, विशेषतः स्वजातीय, माशांवर हल्ला करतात. त्यांना सामान्यतः आक्रमक मासे म्हणतात. सिक्लिडी कुलातील बहुतेक जाती व फायटर या नावाने विकला जाणारा सयामी लढाऊ मासा ही यांची परिचित उदाहरणे होत. निसर्गात हरलेला मासा दूर निघून जातो व झुंज अल्पावधीत संपते. टाकीत काच आडवी येते. पराभूत मासा पुनःपुन्हा मार खातो, त्याचे पर फाटतात, खवले निघतात, तो पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात अंग चोरून राहतो, अन्न सोडतो व पुष्कळदा मरतो. म्हणून टाकी निवडताना तीत पाणी किती मावते याआधी हरलेल्या माशाला नजरेआड होता येईल का, हे पाहावे लागते.

माशाच्या दर इंच लांबीस एक गॅलन पाणी हा प्रचलित नियम फार तर लहान व शांत माशांपुरता ठीक आहे. ॲमेझॉन खोऱ्यातील ऑस्कर हा मासा विक्रीच्या वेळी बहुधा सु. ५ सेंमी. लांब असतो, पण पुढे सु. ३० सेंमी.पर्यंत वाढतो. वरील नियमाप्रमाणे त्याला १२ अमेरिकन गॅलन, म्हणजे सु. ४५ लि. पाणी पुरावे, प्रत्यक्षात एवढ्या टाकीत त्याला नीट वळताही येणार नाही. शिवाय अशा खादाड मांसाहारी माशाच्या उत्सर्जनातून अमोनिया पुष्कळ निर्माण होतो व थोड्या पाण्यात तो लवकर घातक ठरतो. एका ऑस्करसाठी १२० × ४५ × ४५ सेंमी. मापाची, सु. २४० लि. टाकी योग्य होय. मलेशियात १९९० च्या दशकात संकराने तयार झालेल्या आणि भारतात शुभ मानून दिवाणखान्यात ठेवल्या जाणाऱ्या फ्लॉवरहॉर्नलाही साधारण हेच माप लागते. मात्र तो एकटाच ठेवणे इष्ट.

सिक्लिड मासे बहुधा तळावरील जागेसाठी भांडतात; त्यामुळे उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची ठरते. ६० × ४५ × ६० सेंमी. व ९० × ४५ × ४० सेंमी. या दोन्ही टाक्यांत १६२ लि. पाणी मावते, पण दुसरीचा तळ पहिलीच्या दीडपट असतो. उंच टाकी दिसावयास डौलदार असली, तरी या माशांच्या दृष्टीने तिची वरची जागा बव्हंशी वाया जाते.

हल्ल्याचा संबंध जागेशी किती निकट असतो, हे निकोलास टिनबर्गेन यांनी स्टिकलबॅक माशांवरील प्रयोगांत दाखविले. एकाच टाकीत घरटी असलेले दोन नर स्वतंत्र काचनळ्यांत घालून एकाच्या क्षेत्रात नेले, की तेथील मालक हल्ल्याचा पवित्रा घेई व दुसरा पळू पाही. नळ्या दुसऱ्याच्या क्षेत्रात नेताच भूमिका उलट होत. यामुळेच नवा मासा सोडण्यापूर्वी दगड व झाडे यांची मांडणी बदलतात; जुन्या माशाचे प्रस्थापित क्षेत्र त्यामुळे मोडते. कोनराड लोरेन्ट्स यांनी आपल्या १९६३ सालच्या आक्रमकतेवरील ग्रंथात सिक्लिडांच्या जोडप्यांविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. मधल्या काचेपलीकडे शेजारी दिसत असेतो नराचा राग त्याच्यावर निघतो. काच शेवाळाने धुरकटली, की तो मादीलाच छळू लागतो. जोडप्याला एकांत दिला म्हणजे शांतता नांदेल, हा समज त्यामुळे खरा ठरत नाही.

आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावरील म्बुना माशांच्या बाबतीत तर तीन-चार मासे ठेवण्यापेक्षा पंधरा-वीस ठेवणे अधिक सुरक्षित असते. हल्ले विभागले जातात व एकच मासा लक्ष्य होत नाही. यासाठी किमान १२० सेंमी. लांब टाकी, कपारींची दाट रचना, एका नरामागे अनेक माद्या आणि समर्थ गाळणी आवश्यक असते. यांपैकी गाळणी कमी पडली, तर दाटीचा उपाय माशांच्या जिवावर बेततो.

फायटर हा हवेतील ऑक्सिजन घेऊ शकत असल्याने बरणीत तग धरतो. पण तग धरणे म्हणजे जागा पुरणे नव्हे. एका नरास १५ ते २० लि. पाणी द्यावे. घरगुती टाकी कितीही मोठी असली, तरी तीत दोन नर एकत्र ठेवू नयेत.

मोठी टाकी घेताना वजनही ध्यानात घ्यावे लागते. वर सांगितलेल्या १२० सेंमी. लांबीच्या टाकीत काठोकाठ भरल्यास २४३ किग्रॅ. पाणी असते, काच व दगड यांचे वजन वेगळेच. तेव्हा तिचा आधार मजबूत व समपातळीत हवा.