काळ्या कोटाच्या आतला अभ्यास

मुलांनो, आज एक कबुली देऊन सुरुवात करतो. मी एकदा वर्गातल्या एका मुलावर अन्याय केला.

आमच्या अर्धापूरकडची गोष्ट. चौथीचा वर्ग. एका मुलीची रंगपेटी हरवली. शोधाशोध झाली आणि पेटी एका मुलाच्या दप्तरात सापडली. झालं! मी त्याला रागावलो आणि मधल्या सुट्टीपर्यंत दाराबाहेर उभं केलं. सुट्टीत ती मुलगी धावत आली. "गुरुजी, मीच दिली होती त्याला काल, चित्र पुरं करायला. माझ्या ध्यानातच नव्हतं!"

मी त्या मुलाला विचारलं, "अरे, मग तू बोलला का नाहीस?"

तो मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही इचारलंच कुठं, गुरुजी?"

त्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. नांदेडला वकिलीचं शिकते. मी तिला हे सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. पिशवीतून तिनं अभ्यासक्रमाची पुस्तिका काढली, एका विषयावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "गुरुजी, तुमच्या रंगपेटीवर आम्हाला अख्खं प्रकरण आहे!"

मग काय, आम्ही ती पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला बसलो. त्यात काय काय होतं, ते तुम्हालाही सांगतो.

दोन वाटा

वकील व्हायचं तर दोन वाटा आहेत. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम किंवा कोणतीही पदवी घेऊन मग तीन वर्षांचा. मग बारावीवाल्यांची पदवी बुडाली का? नाही. त्यांना राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, इंग्रजी असे विषय कायद्याच्या जोडीनेच शिकवतात. कारण सोपं आहे. ज्या समाजासाठी कायदा आहे, तो समाजच ठाऊक नसेल, तर नुसती कलमं पाठ करून काय उपयोग?

काय शिकवायचं, हे एकटं कॉलेज ठरवत नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार हे काम भारतीय विधिज्ञ परिषदेकडे आहे. परिषदेच्या २००८ च्या नियमांत २० सक्तीचे विषय आहेत, प्रत्यक्ष कामाचे ४ विषय आहेत आणि त्यांशिवाय काही आवडीने निवडायचे विषय.

शिकायला फार लांब जायला नको. नांदेडला नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय आहे, लातूरला दयानंद विधी महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगरला तर २०१७ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. मात्र सगळीकडेच प्रवेश परीक्षा द्यावी लागते, बरं का!

चला, केळीच्या ट्रकात बसू या!

वीस विषयांची नुसती यादी वाचली तर तुम्ही जांभया द्याल. म्हणून आपण असं करू. अर्धापूरची केळी प्रसिद्ध आहेत. समजा, एका शेतकऱ्याच्या बागेतून केळीचा ट्रक उत्तरेकडे निघाला आहे. त्या ट्रकात बसू आणि वाटेत कोणकोणता विषय भेटतो ते पाहू.

शेतकऱ्यानं व्यापाऱ्याला बाग दिली, भाव ठरला, इसार घेतला. इथं भेटला पहिला विषय, *कराराचा कायदा*. आपला करार कायदा १८७२ चा आहे. तोंडी करारसुद्धा करारच असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पण व्यापारी फिरला तर तो करार झाला होता, हे सिद्ध कसं करणार? म्हणून मोठी माणसं म्हणतात, 'लिहून घ्या.' आणि शेतकऱ्याच्या घरी तुमच्याएवढ्या मुलानं सौदा केला असता तर? तो करारच झाला नसता! करार करायला १८ वर्षं पूर्ण लागतात. १९०३ साली मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्याचा निकाल लागला. अल्पवयीन धर्मोदासनं घर गहाण ठेवून कर्ज घेतलं होतं. निकाल असा, की त्याचा करार मुळातच शून्य. हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो.

बाग कुणाच्या नावावर आहे, भावाभावांत वाटणी झाली का, बहिणीचा हिस्सा किती, हे सांगतात *मालमत्तेचा कायदा* आणि *कौटुंबिक कायदा*.

आता हमाल घड भरताहेत. त्यांची मजुरी, त्यांची सुरक्षितता? इथं *कामगार कायदे* आले. आपल्या महाराष्ट्रानं तर माथाडी आणि हमाल कामगारांसाठी १९६९ साली वेगळा कायदाच केला.

ट्रक निघाला आणि वाटेत एका सायकलवाल्याला धक्का लागला. त्याची भरपाई कोण देणार? हा झाला *अपकृत्यांचा कायदा*. म्हणजे आपल्या निष्काळजीपणानं दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई. या विषयाची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट आहे एका गोगलगायीची! १९२८ साली स्कॉटलंडमध्ये डोनोह्यू नावाच्या बाईंना मैत्रिणीनं जिंजर बिअर पाजलं. बाटली होती गडद रंगाची. अर्धं पिऊन झाल्यावर उरलेलं ओतलं, तर त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असं बाईंचं म्हणणं. त्या आजारी पडल्या. पण बाटली विकत घेतली होती मैत्रिणीनं, म्हणजे बाईंचा कुणाशीच करार नव्हता. मग दाद कुणाकडे मागायची? १९३२ साली निकाल लागला, की जो माणूस वस्तू शेवटी वापरणार आहे, त्याची काळजी घेणं हे बनवणाऱ्याचं कर्तव्य आहे. आज तुम्ही बिस्किटाच्या पुड्याबद्दल तक्रार करू शकता, त्याच्या मुळाशी ती गोगलगाय आहे.

ड्रायव्हर दारू प्यालेला होता की काय? मग *फौजदारी कायदा* आला. इथं मोठा बदल झाला आहे. १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो. त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांना दोन्ही ठाऊक हवेत! एक गंमत सांगतो. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंच कृत्य कायद्यानं गुन्हा ठरत नाही. हे जुन्या कायद्यात होतं, नव्यातही आहे.

धक्का खरंच ट्रकचाच लागला, हे कोण सांगणार? साक्षीदार कोण? मोबाइलमधला फोटो चालेल का? हा *पुराव्याचा कायदा*. बागेतलं प्लास्टिक नाल्यात फेकलं, तर *पर्यावरणाचा कायदा*. भोपाळच्या वायुकांडानंतर (१९८४) देशात १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. आणि व्यापाऱ्याच्या कमाईवर कर किती, हे सांगायला *करविषयक कायदा* बसलेलाच आहे.

या सगळ्यांच्या वर *राज्यघटना*. कोणताही कायदा घटनेच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. तुम्ही फी न भरता शाळेत बसता ना? त्याचंही मूळ घटनेतच आहे. ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, हा २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनं मिळालेला मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या हाताखाली घटनेचा मसुदा तयार झाला, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले होते. हाच अभ्यास त्यांनीही मुलांना शिकवला.

आणि माझी रंगपेटी?

ती सापडली *प्रशासकीय कायदा* या विषयात. ज्याच्या हातात अधिकार आहे, त्यानं तो कसा वापरावा, हे त्यात शिकवतात. पहिलाच नियम असा, की दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कुणालाही शिक्षा करू नये. इंग्लंडमध्ये डॉ. बेंटली नावाचे मोठे पंडित होते. केंब्रिज विद्यापीठानं त्यांच्या पदव्या काढून घेतल्या, पण त्यांचं म्हणणं ऐकलंच नाही. १७२३ च्या खटल्यात एक न्यायाधीश म्हणाले, की देवानंसुद्धा आदमला शिक्षा देण्याआधी त्याचं म्हणणं विचारलं होतं! विद्यापीठाला पदव्या परत द्याव्या लागल्या.

एवढं मोठं विद्यापीठ चुकलं, तिथं मी कोण? पण चूक ती चूकच.

पुस्तकाबाहेरचा अभ्यास

प्रत्यक्ष कामाचे चार विषय मला फार आवडले. नोटीस, दावा, करारपत्र लिहायला शिकायचं. कोर्टाबाहेर तडजोड कशी करावी हे शिकायचं, लोकअदालत त्यातलीच. वकिलानं कसं वागावं हे शिकायचं. उदाहरणार्थ, अशिलानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट बाहेर फोडायची नाही. आणि चौथं, *अभिरूप न्यायालय*, म्हणजे खोटं खोटं कोर्ट. काल्पनिक खटला असतो, मुलंच दोन्ही बाजूंचे वकील होतात. कधी कधी तर स्वतःला न पटणारी बाजू मांडावी लागते! शिवाय खऱ्या कोर्टात जाऊन दोन खटले पाहायचे, टिपणं काढायची. पाच वर्षांवाल्यांना २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभवही घ्यावा लागतो.

तुमच्यातलं कुणीतरी विचारील, "गुरुजी, आमचं इंग्रजी कच्चं आहे, आम्हाला जमेल का?" ऐका. महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयापर्यंतची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी. म्हणून दोन्ही भाषा नीट लिहिता-बोलता आल्या पाहिजेत. आतापासून रोज एक पान मोठ्यानं वाचा, पाच वर्षांत भीती पळून जाईल.

पदवीनंतर राज्याच्या विधिज्ञ परिषदेकडून सनद मिळते, काळा कोट घालून कोर्टात उभं राहता येतं, पण अखिल भारतीय परीक्षाही द्यावी लागते.

आणि एक गोष्ट आजच वहीत लिहून ठेवा. मुलांना आणि स्त्रियांना, घरची कमाई कितीही असो, सरकारकडून मोफत कायदेशीर मदत मिळते. प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आहे आणि फोन क्रमांक आहे १५१००. कुणा मैत्रिणीचं लहानपणीच लग्न ठरवताहेत असं कळलं, तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. हे ठाऊक असायला पदवी लागत नाही.

तुम्ही काय करायचं?

वर्गात एक अभिरूप न्यायालय भरवा. 'मधल्या सुट्टीत मैदान कुणाचं, मोठ्यांचं की लहानांचं?' असा सोपा खटला घ्या. दोघे वकील, दोन साक्षीदार, एक न्यायाधीश. नियम एकच. दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय निकाल नाही. नंतर वकिलांनी बाजू बदलायची. मग पाहा, मत किती डळमळतं ते!

तो मुलगा? सुट्टी संपून शाळा उघडली, त्या पहिल्याच दिवशी मी सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. परवा वर्गातली फूटपट्टी मोडलेली सापडली. मी डोळे मोठे केले आणि तोंड उघडणार, एवढ्यात मागच्या बाकावरून तोच ओरडला, "गुरुजी, आधी इचारा!"

मी विचारलं.