दुखण्यांतून उठतांना



डॉक्टरांनीं घरीं जाण्याची अनुज्ञा दिली म्हणजे दुखणें संपलें, असें घरच्या मंडळींना वाटूं लागतें. वस्तुतः रोग गेलेला असतो, परंतु बळ परत आलेलें नसतें. आणि तें कसें आणावें याविषयीं बहुतेक घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष दुखणाइताला अंथरुणावरून हलूं देत नाहीं. दुसरा त्याला आठवड्याच्या आंत टेकडीवर नेऊं पाहतो.

पहिल्या पक्षाचें मत एके काळीं वैद्यकशास्त्राचेंहि होतें. हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यास कित्येक आठवडे निजवून ठेवीत असत. १९५२ सालीं अमेरिकेंतील लेव्हाइन व लाउन या डॉक्टरांनीं अशा रोग्यांना लवकरच खुर्चींत बसविल्याचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि ही रूढि ढिली पडूं लागली. पुढें १९६६ सालीं डल्लास येथें ५ निरोगी तरुणांना ३ आठवडे अंथरुणावर ठेवून पाहिलें. १९९६ सालीं त्याच पांच जणांची पुन्हां परीक्षा झाली, तेव्हां असें दिसलें कीं, ३० वर्षांच्या वाढत्या वयानें त्यांची श्रमशक्ति जितकी घटली, तिच्याहून अधिक ती त्या ३ आठवड्यांच्या निजण्यानें घटली होती! समाधान एवढेंच कीं, तेव्हां सुमारें दोन महिन्यांच्या व्यायामानें तें नुकसान भरून निघालें होतें.

दुसऱ्या पक्षास उत्तर आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. लंघनानंतर आपण कोणास एकदम पुरणपोळी वाढीत नाहीं. आधीं पेज, मग मऊ भात, मग पोळी. व्यायामाचेंहि तसेंच. वाग्भटानें अष्टांगहृदयांत बलवानासहि अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम सांगितला आहे. मग दुर्बलानें किती जपावें?

डॉक्टरांची संमति घेऊन प्रथम निजल्या निजल्या पावलें वर-खालीं हलवावीं. तें सोसलें कीं भिंतीला टेकविलेल्या खुर्चीवरून चार-पांच वेळां उठावें-बसावें. पुढें ओट्याचा आधार घेऊन टांचा उचलाव्या. मग घरांतल्या घरांत फेऱ्या घालाव्या. न्युमोनियानंतर माझा पहिला पल्ला पलंगापासून दारापर्यंत, दहा पावलांचा होता. कोणाचा हात न धरतां न्हाणीघरांत जातां आलें, त्या दिवशींचा आनंद मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशींहि झाला नव्हता.

मात्रा ओळखण्याच्या दोन कसोट्या आहेत. चालतांना सबंध वाक्य बोलतां आलें पाहिजे. न आल्यास गति कमी करावी. दुसरी कसोटी दुसऱ्या दिवशींची सकाळ. रात्रीच्या झोपेनें थकवा गेला नाहीं, तर कालची मात्रा निम्मी करावी. २०२० सालीं पसरलेल्या कोविडच्या साथीपासून एक गोष्ट विशेष ध्यानांत आली आहे. त्या दुखण्यानंतर कांहीं जणांना श्रमांचा त्रास एक-दोन दिवसांनीं उमटतो. अशांनीं मात्रा वाढविण्याचा हट्ट धरूं नये. त्रास होणार नाहीं एवढेच श्रम करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातींत कळ, घेरी, किंवा थांबल्यावरहि न बसणारी धाप ही चिन्हें दिसतांच व्यायाम बंद करून डॉक्टरांना बोलवावें.

घरच्यांस एक विनंति. दुखणाइत स्वतः पाणी घेऊं लागला, तर त्याच्या हातांतला तांब्या काढून घेऊं नका. आणि शेजाऱ्याचें उदाहरण देऊन त्याला हिणवूंहि नका. भिंतीवरील दिनदर्शिकेंत त्याच्या रोजच्या फेऱ्यांचा आंकडा मांडून ठेवा. त्याची तुलना व्हावयाची ती त्या आंकड्याशींच.