दुखण्याच्या पोटी दुखणं

माजी सैनिकाच्या भरपाईचा दावा चालवणाऱ्या वकिलाने दहा डॉलरपेक्षा जास्त घेऊ नयेत, असा कायदा अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात, १८६४ साली झाला. सैनिकाला कोणी लुबाडू नये हा हेतू चांगलाच होता. पण ते दहा डॉलर सव्वाशे वर्षं दहाच राहिले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही मर्यादा वैध ठरवली, म्हणजे वकील मिळण्याची आशा जवळपास संपलीच. शिवाय १९३३ पासून आणखी एक बंदी होती. ज्याला सगळे ‘व्हीए’ म्हणतात त्या माजी सैनिकांच्या खात्याचा निर्णय कोर्टात नेताच येत नसे. १९८८ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष रेगन यांच्या सहीने हे बदललं आणि पुढच्या वर्षी फक्त माजी सैनिकांच्या दाव्यांसाठी एक वेगळं न्यायालय उभं राहिलं. ‘दुय्यम अपंगत्व’ या शब्दांना आज तिकडे जे वजन आहे, त्याची सुरुवात इथून होते.

दुय्यम दावा म्हणजे काय, ते साध्या उदाहरणाने पाहू. पॅराशूटच्या उडीत एकाचा डावा गुडघा गेला. खात्याने तो सेवेत झालेला म्हणून मान्य केला. माणूस घरी आला आणि पुढची वीस वर्षं सगळा भार उजव्या पायावर टाकून चालला. आता उजवा गुडघा झिजला, कंबर धरली, वेदनाशामक गोळ्यांनी पोटात व्रण झाले, झोप उडाली, मन खचलं. यातलं काहीच लष्करात घडलेलं नाही. तरी सेवाजन्य दुखण्यातून जे उद्भवलं तेही सेवाजन्यच धरायचं, असं व्हीएच्या नियमावलीतलं ३.३१० हे कलम सांगतं. कलम जुनंच आहे. पण एका दुखण्यापासून दुसऱ्यापर्यंतची साखळी कुठवर मान्य करायची, यावर मात्र वर्षानुवर्षं भांडणं झाली.

नव्या न्यायालयाने १९९० मध्ये गिल्बर्ट खटल्यात एक गोष्ट ठणकावली. दोन्ही बाजूंचा पुरावा सारखाच भरत असेल, तर कौल सैनिकाला द्यायचा. क्रिकेटमध्ये संशयाचा फायदा फलंदाजाला मिळतो, तसंच हे. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही, दिवाणी दाव्याइतकाही नाही. ‘असण्याची शक्यता नसण्याइतकी तरी आहे’ असं डॉक्टरने म्हटलं, तरी पुरे. हे एक वाक्य पुढे हजारो फायलींमध्ये जसंच्या तसं उतरलं.

खरा कलाटणीचा निकाल १९९५ चा, अ‍ॅलन खटल्याचा. तोवर खात्याचं म्हणणं असं, की पहिल्या दुखण्याने दुसरं जन्माला घातलं असेल तरच बोला. दुसरं आधीपासून होतं आणि पहिल्यामुळे ते चिघळलं, तर ती आमची जबाबदारी नाही. न्यायालयाने पूर्णपीठ बसवून सांगितलं, की जितकं चिघळलं तितक्याची भरपाई द्या. निकाल वाचायला सोपा, पण अंमलात आणायला अवघड. चिघळण्यापूर्वी ते किती होतं, हे मोजायचं कशाने? ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत खात्याने हे तत्त्व नियमात आणलं खरं, पण सोबत अट घातली, की मूळ पातळी दाखवणारा वैद्यकीय कागद आणा. म्हणजे अकरा वर्षांनी दार उघडलं आणि उंबऱ्यावरच जुना केसपेपर मागितला. ज्याने त्या काळात डॉक्टरचं तोंडही पाहिलं नाही, त्याने तो आणायचा कुठून? मला यात खात्याचा कावा दिसतो, पण हिशेबाच्या दृष्टीने दुसरा मार्गही फारसा नव्हता, हेही मान्य करायला हवं.

दरम्यान व्हिएतनाममधून परतलेल्यांच्या बाबतीत वेगळंच घडत होतं. १९९१ च्या कायद्याने ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकाशी काही आजारांचा संबंध गृहीत धरला गेला आणि २००१ साली त्या यादीत टाइप-२ मधुमेह आला. मधुमेह एकटा येत नाही, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पायांच्या नसा, मूत्रपिंडं, डोळ्यांचा पडदा, न भरणारी जखम अशी सगळी रांग त्याच्यामागे उभी असते. मूळ आजार गृहीतकाने मान्य झाल्यावर या रांगेतल्या प्रत्येकाला दुय्यम म्हणून दावा करता येऊ लागला. २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने इराक-अफगाणिस्तानात उघड्यावर कचरा जाळण्याच्या धुराशी जोडलेले आजार गृहीत धरले, एजंट ऑरेंजच्या यादीत उच्च रक्तदाबही घातला आणि ही यादी आणखी लांबली.

काही साखळ्या तर खात्याने स्वतःच नियमात लिहून ठेवल्या आहेत. गुडघ्यापाशी किंवा त्याच्या वर पाय कापावा लागलेल्याला पुढे हृदयविकार झाला, तर तो त्या पायामुळेच, असं धरलं जातं. जानेवारी २०१४ पासून मेंदूला मार बसलेल्यांसाठी अशीच तरतूद झाली. पार्किन्सनसारखी लक्षणं, फेफरं, स्मृतिभ्रंश, नैराश्य आणि संप्रेरकांची कमतरता या पाच गोष्टी तिच्यात आहेत, आणि माराची तीव्रता व मध्ये गेलेला काळ यांच्या अटीही आहेत. सौम्य मार असेल, तर नैराश्य बारा महिन्यांत दिसलं पाहिजे, म्हणजे मनानेही मुदत पाळायची!

सैनिक या सगळ्याच्या इतका मागे का लागतो, हे कळायला व्हीएचं गणित पाहावं लागतं. तिथे पन्नास आणि तीस मिळून ऐंशी होत नाहीत. शंभर टक्के धडधाकट माणसातून आधी पन्नास टक्के वजा होतात, उरलेल्या पन्नासाचे तीस टक्के म्हणजे पंधरा, एकूण पासष्ट, आणि जवळच्या दशकाला धरून सत्तर. नव्वदवर पोचलेल्याला शंभर गाठायला आणखी पन्नास टक्क्यांचं अपंगत्व दाखवावं लागतं. आणि पैशांत तफावत प्रचंड आहे. २०२४ च्या दराने एकट्या माणसाला दहा टक्क्यांवर महिन्याला १७१ डॉलर, तर शंभरवर ३,७३७. वरच्या टोकाशी एकेक पायरी चढायला म्हणूनच दुय्यम दावे लागतात. लोभीपणा म्हणून याकडे बोट दाखवणाऱ्यांनी आधी ही बेरीज करून पाहावी.

मात्र यातून एक बाजारही उभा राहिला. दोन दुखण्यांना जोडणाऱ्या डॉक्टरच्या पत्राला तिकडे ‘नेक्सस लेटर’ म्हणतात. पत्राची किंमत डॉक्टरच्या पदवीवर नाही, त्यातल्या कारणमीमांसेवर ठरते, असं न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. तरी साच्यातली पत्रं विकणारे आलेच. पहिला दावा भरून देण्याबद्दल पैसे घेणं आजही बेकायदा आहे, पण त्याची फौजदारी शिक्षा अमेरिकी संसदेने २००६ मध्ये काढून टाकली. मग ‘सल्लागार’ कंपन्या निघाल्या आणि महिन्याच्या वाढीव रकमेच्या कित्येक पट फी घेऊ लागल्या. माजी सैनिकांच्या संघटना त्यांना ‘शार्क’ म्हणतात. १८६४ च्या दहा डॉलरवाल्यांना भीती होती ती हीच.

आपल्याकडची वाट वेगळी आहे. १९८२ च्या नियमांत असं होतं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच उद्भवला असं धरायचं. २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला हे पुन्हा बजावावं लागलं. लष्कराच्या सिग्नल्स विभागातल्या त्या जवानाला फेफऱ्यामुळे घरी पाठवलं होतं आणि आजार जन्मजात प्रकृतीचा ठरवून पेन्शन नाकारली होती. आपल्याकडे लढाई अजून पहिल्याच दुखण्यावर चालते.

अमेरिकेत ती बरीच पुढे सरकली. २०१७ मध्ये खात्याच्याच विधी विभागाने मानलं, की लठ्ठपणा हा स्वतः अपंगत्व नसला, तरी मधला दुवा असू शकतो. गुडघ्यामुळे हालचाल थांबली, वजन वाढलं, वजनामुळे रक्तदाब आला, ही साखळी चालते. २०१८ च्या साँडर्स निकालाने निदान न सापडलेली वेदनाही, काम करण्याची क्षमता घटवत असेल, तर अपंगत्व ठरवली.

आणि मार्च २०२३ मध्ये आला स्पायसर खटल्याचा निकाल. हवाई दलातल्या स्पायसर यांचा रक्ताचा कर्करोग सेवाजन्य म्हणून मान्य होता. गुडघ्यांचा संधिवात मात्र वेगळा. गुडघे बदलायची शस्त्रक्रिया ठरली होती, पण केमोथेरपीने रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण इतकं घटलं, की ती रद्द करावी लागली. खातं म्हणालं, कर्करोगाने संधिवात आणला नाही आणि वाढवलाही नाही, तेव्हा विषय संपला. खालच्या न्यायालयाने तेच उचलून धरलं. वरच्या अपील न्यायालयाने, म्हणजे फेडरल सर्किटने, ते फिरवलं. सेवाजन्य आजार नसता, तर आज हा माणूस इतका अपंग असता का, एवढाच प्रश्न विचारायचा, असं त्यांनी सांगितलं. आजाराने दुसरं दुखणं घडवलं नाही, पण त्यावरचा उपचार अडवला, तर तेही त्या आजाराच्या खात्यात जातं. रद्द झालेल्या शस्त्रक्रियेची चिठ्ठीही आता अशा दाव्यात पुरावा म्हणून जोडता येते.